कबड्डीपटूची ताकद: पावसाळ्यातल्या बारा आठवड्यांचा आराखडा

चढाईपटू निदानरेषा ओलांडून बोनसकडे पाय टाकतो, कोपऱ्यावरचा खेळाडू घोट्याकडे झेपावतो. पुढच्या एका सेकंदात चढाईपटूला वेगात असलेलं सगळं वजन एका पायावर थांबवायचं असतं, दिशा बदलायची असते आणि पाय पकडला गेलाच तर अंगावर आलेल्या माणसाला ओढत मध्यरेषा गाठायची असते. या सगळ्याला भरपूर ताकद लागते, आणि ती क्षणात काढता यावी लागते.

आपल्या बऱ्याच संघांचा व्यायाम मात्र वेगळ्याच गोष्टीची तयारी करतो. पहाटे रस्त्यावर लांब पळणं, मग पाचशे बैठका, त्यानंतर जोर, संध्याकाळी दोन तास खेळ. याने दम आणि चिकाटी वाढते. ताकद मात्र एका टप्प्यानंतर जागची हलत नाही. नव्या मुलाला पन्नास बैठका जड जातात, तोवर त्या त्याला ताकद देतात. पाचशे सहज निघायला लागल्या की तो पळण्यासारखाच दमाचा व्यायाम झाला. तिथून पुढे आकडा वाढवून उपयोग नाही, ओझं वाढवायला हवं, तेही मोजून आणि वहीत लिहून.

खालचा आराखडा तालुका-जिल्हा पातळीवर नियमित खेळणाऱ्या, सोळा वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी आहे. उघड्या मैदानावरच्या स्पर्धा पावसाळ्यात जवळपास बंद असतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट हे बारा आठवडे सर्वात सोयीचे. सोळाच्या आतल्या मुलांनी हेच व्यायाम स्वतःच्या शरीराच्या वजनावर किंवा हलक्या बारवर, जाणकाराच्या नजरेखाली करावेत. वजन उचलल्याने उंची खुंटते या समजुतीला आधार नाही. चुकीच्या पद्धतीने आणि घाईने उचलल्यास दुखापत होते, ती कोणत्याही वयात होते.

आधी मोजा

पहिल्या दिवशी एक तास फक्त मोजण्यात घालवा. एक वही, एक टेप आणि वेळ घ्यायला एक सहकारी एवढं पुरे.

जागेवरून लांब उडी: दोन्ही पाय रेषेमागे, हात झोकून पुढे उडी, मागच्या टाचेपर्यंतचं अंतर. तीन प्रयत्न, सर्वात चांगला लिहा. मग एका पायावर उडी मारून त्याच पायावर थांबायचं आणि दोन सेकंद स्थिर राहायचं. डावा-उजवा वेगळा लिहा. दोन पायांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, म्हणजे एका पायाने १६० सेंटिमीटर आणि दुसऱ्याने १४० असं काही आलं, तर कमजोर पायाचा आधी शोध घ्या. बहुतेक वेळा मागच्या हंगामातला 'बरा झालेला' घोटा किंवा गुडघा तिथे सापडतो.

दहा मीटर धाव, दोन मिनिटांच्या विश्रांतीने तीनदा. हनुवटी बारच्या वर नेऊन किती पुल-अप निघतात. कोपरावर एका कुशीला आडवं राहून शरीर सरळ किती सेकंद टिकतं, दोन्ही बाजूंनी. आणि रिकाम्या पोटी सकाळचं वजन. वजन किती उचलता येतं याची चाचणी पहिल्या दिवशी करू नका. ज्याला अजून नीट बसता येत नाही त्याच्या पाठीवर जास्तीत जास्त ओझं ठेवून काहीच कळत नाही.

व्यायामशाळेत पहिल्यांदा जाल तेव्हा बारचं वजन करून घ्या. ऑलिंपिक बार २० किलोचा असतो, पण गावच्या व्यायामशाळेतले बार १०, १२, १५ असे काहीही असतात. वहीतला आकडा बारसकट लिहायचा. सव्वा किलोच्या दोन चकत्या नसतील तर विकत घ्या किंवा बनवून घ्या. दंडाच्या आणि छातीच्या व्यायामात पाच किलोची उडी फार मोठी पडते आणि प्रगती तिथेच अडकते. पळण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट घालून स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बसणं-उठणं) करू नका. साधे सपाट कॅनव्हासचे बूट किंवा कोरड्या जमिनीवर अनवाणी पाय चांगले.

आठवड्याची मांडणी

आठवड्यात तीन दिवस वजनं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवारी आणि शुक्रवारी पहिला संच, बुधवारी दुसरा, पुढच्या आठवड्यात उलट. मंगळवारी आणि शनिवारी दम आणि दिशाबदल. गुरुवारी हलका खेळ, रविवारी पूर्ण सुट्टी. वजनं आणि मैदान एकाच दिवशी असतील तर वजनं सकाळी, खेळ संध्याकाळी. हे जमत नसेल तर वजनं आधी. दोन तासांच्या सरावानंतर थकल्या पायांनी केलेल्या स्क्वॉटमध्ये गुडघे आत जायला लागतात आणि शरीर तीच सवय लावून घेतं.

पहिला संच: स्क्वॉट, पुल-अप, कोपनहेगन प्लँक, वजन धरून चालणं.
दुसरा संच: रोमानियन डेडलिफ्ट, बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं), मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट, नॉर्डिक, मान.

यापेक्षा जास्त व्यायाम लागत नाहीत. दर आठवड्याला नवा व्यायाम शोधणाऱ्याचा एकही आकडा पुढे सरकत नाही.

अंग गरम करायला १२ मिनिटं ठेवा. तीन मिनिटं हलकी धाव आणि आडव्या पावलांनी सरकणं, मग दहा जोर, पंधरा बैठका, दोन्ही बाजूंना पाय फाकवून बसणं, पाय झुलवणं आणि शेवटी तीन छोट्या वेगवान धावा. जोर-बैठकांची खरी जागा इथे आहे. जोरात खांदा, पाठीचा कणा आणि कंबर एकाच लयीत पूर्ण फिरतात, आणि तेवढ्या वेळात अंग असं मोकळं करणारा दुसरा व्यायाम सापडणं कठीण. मुद्गल किंवा हलकी गदा हाताशी असेल तर दोन्ही बाजूंना दहा-दहा फिरवा. पकडीत वारंवार ओढल्या जाणाऱ्या खांद्यांसाठी ही जुनी तालमीची साधनं आजही उत्तम आहेत.

स्क्वॉट: सगळ्याचा पाया

बार मानेच्या हाडावर नको. त्याच्या खाली, खांदे मागे ओढल्यावर पाठीत जो मांसल कट्टा तयार होतो त्यावर ठेवायचा. हात घट्ट, कोपरं जमिनीकडे. दोन पावलं मागे या, पाय खांद्याएवढे, पंजे थोडे बाहेर. पोटात श्वास भरा, कुणी पोटात बुक्की मारणार आहे अशा तयारीने पोट कडक करा आणि मग बसा. मांड्या जमिनीला समांतर किंवा किंचित खाली जाईपर्यंत बसायचं. गुडघे पंजांच्या दिशेने. उठताना श्वास अर्ध्या वाटेपर्यंत धरून ठेवा.

चूक कुठे होते ते बाजूने आणि समोरून मोबाइलवर चित्रित करून बघा. टाचा उचलत असतील तर घोट्याची लवचिकता कमी आहे. टाचांखाली दोन सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या किंवा चकत्या ठेवा आणि रोज भिंतीसमोर गुडघा पुढे दाबण्याचा ताण द्या. उठताना कंबर आधी वर येते आणि छाती खाली राहते, तेव्हा वजन जास्त आहे किंवा पोट ढिलं सुटलंय. गुडघे आत येत असतील तर वजन दहा किलो उतरवा आणि गुडघ्यांच्या किंचित वर रबरी पट्टा बांधून तो बाहेर ढकलत बसा. ही शेवटची चूक सर्वात गंभीर आहे, कारण मैदानावर दिशा बदलताना गुडघा असाच आत गेला की आतला एसीएल हा बंध तुटण्याचा धोका वाढतो.

पहिल्या दिवसाचं वजन असं ठरवा: रिकाम्या बारपासून सुरुवात, पाच-पाच किलो वाढवत आठ-आठ रेप, म्हणजे सलग आठ वेळा बसणं-उठणं. ज्या वजनावर आठव्या रेपनंतर 'अजून तीन निघाले असते' असं खात्रीने वाटतं, तिथे थांबा. ७२ किलो वजनाच्या, वजनांना नवख्या मुलाचा आकडा बहुतेक वेळा ४० च्या आसपास येतो. मग पुढचे बारा आठवडे साधारण असे जातात (सेट म्हणजे विश्रांतीआधी सलग केलेले रेप).

आठवडा १ ते ३: ३ सेट, ८ रेप, ४०, ४५ आणि ५० किलो.
आठवडा ४: हलका, ४० किलोवर फक्त २ सेट, ५ रेप.
आठवडा ५ ते ७: ४ सेट, ५ रेप, ५५, ६० आणि ६२.५ किलो.
आठवडा ८: पुन्हा हलका, ५५ किलोवर २ सेट.
आठवडा ९ ते ११: ४ सेट, ३ रेप, ६५, ७० आणि ७२.५ किलो.
आठवडा १२: पहिल्या दिवसाच्या सगळ्या चाचण्या पुन्हा.

म्हणजे बारा आठवड्यांनी खेळाडू स्वतःच्या वजनाएवढा बार घेऊन तीनदा बसतो-उठतो. दोन-तीन वर्षांत हाच आकडा शरीराच्या वजनाच्या दीडपट नेणं हे योग्य ध्येय. जड सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती घ्या. 'मिनिटभरात पुढचा सेट' हा हट्ट दमाचा व्यायाम करतो आणि ताकदीचा सेट बुडवतो.

ठरलेले रेप निघाले नाहीत तर पुढच्या वेळी तेच वजन ठेवा. सलग दोनदा अडकलात तर दहा टक्के उतरवून पुन्हा चढत या. हलका आठवडा टाळू नका. पहिल्या तीन आठवड्यांच्या कष्टाचं फळ शरीर त्याच आठवड्यात बांधतं, आणि तो गाळणाऱ्यांची पाठ किंवा गुडघा सहाव्या-सातव्या आठवड्यात बोलायला लागतो. प्रत्येक सेट हात-पाय थरथरेपर्यंत नेण्याची सवयही सोडा. रोज थोडं शिल्लक ठेवून उठणारा आठवडाभर जास्त वजन उचलतो.

मांडीमागचे आणि जांघेचे स्नायू

पायाला हात लावून वेगाने मागे फिरणारा चढाईपटू मांडीमागचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वापरतो, आणि तो बहुधा तिथेच फाटतो. यावर नॉर्डिक हा व्यायाम सगळ्यात जास्त तपासला गेलेला आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर, तो नियमित करणाऱ्या संघांत मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचं दिसलं.

गादीवर गुडघे टेका. जोडीदार घोटे घट्ट दाबून धरेल. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक रेघ ठेवून हळूहळू पुढे झुका. चार-पाच सेकंद धरून ठेवत जा, तोल सुटला की हातांवर पडा आणि हातांनी ढकलून परत या. कंबरेतून वाकलात तर काम होत नाही. पहिल्या आठवड्यात २ सेट, ४ रेप, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच दुखतील. सहाव्या आठवड्यापर्यंत ३ सेट, ६ रेप. सामन्याच्या आठवड्यात हा व्यायाम पहिल्यांदा करून बघणारा खेळाडू तो सामना लंगडत खेळतो.

रोमानियन डेडलिफ्टमध्ये बार मांड्यांना घासत खाली जातो, गुडघे थोडे वाकलेले, कंबर मागे सरकते आणि पाठ सपाट राहते. मांडीमागे ताण आला की थांबून वर या. जमिनीला बार टेकवण्याचा प्रयत्न नको. ३ सेट, ८ रेप, दर आठवड्याला अडीच किलो.

कोपऱ्यावरच्या खेळाडूचं सगळं जगणं एका कुशीवर, पाय फाकवलेल्या बैठकीत असतं, त्यामुळे जांघ दुखणं त्याच्या पाचवीला पुजलेलं. कोपनहेगन प्लँकसाठी बाकाशेजारी कुशीवर आडवे व्हा, वरच्या पायाचा गुडघा बाकावर, खालचा पाय बाकाखाली. कोपरावर भार घेऊन कंबर उचला आणि खालचा पाय बाकाला भिडवा. सुरुवातीला १५ सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. चार आठवड्यांनी गुडघ्याऐवजी घोटा बाकावर ठेवा, मग कंबर खाली-वर करत ८ रेप. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवरच्या २०१९ मधल्या एका मोठ्या प्रयोगात या एकाच व्यायामाच्या जोरावर जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. कबड्डीत फुटबॉलपेक्षा जांघेवर कमी ताण येत नाही.

ओढणं, मूठ, मान

छाती मोठी दिसते म्हणून मुलं बेंच प्रेसलाच चिकटून बसतात. पकड मात्र ओढण्याने होते. म्हणून पुल-अपचे सेट बेंचच्या सेटपेक्षा नेहमी जास्त: पुल-अप आठवड्याला ८ ते १० सेट, बेंच ४ ते ६. एकही पुल-अप निघत नसेल तर स्टुलावरून वर चढून पाच सेकंदांत खाली उतरा, असे ४ सेट, ४ रेप. महिन्याभरात पहिला निघतो. आठ सहज निघू लागले की बारवर दोन टॉवेल टाकून ते धरून ओढा, किंवा पाठीवरच्या पिशवीत पाच किलो भरा.

घोटा पकडताना बोटं एकमेकांत अडकवायची की मनगट धरायचं हे प्रशिक्षक शिकवेल, पण ती गाठ टिकवणारी मूठ व्यायामशाळेतच घडते. दोन्ही हातांत वजनं घेऊन ताठ चाला, २० मीटर, चार फेऱ्या. दोन्ही हातांतलं एकूण वजन शरीराच्या वजनाच्या निम्म्यापासून सुरू करून बारा आठवड्यांत शरीराएवढं करा. डंबेल कमी पडले तर वाळूने भरलेले डबे किंवा पाण्याचे कॅन चालतात. मल्लखांबाची दोरी किंवा जाड सोल (दोरखंड) असेल तर आठवड्यातून एकदा तिच्यावर चढा, तीच मूठ आणि तीच पाठ वापरली जाते.

मानेकडे फारच कमी संघ लक्ष देतात. धक्का बसून मॅटवर किंवा मातीत डोकं आपटतं तेव्हा मजबूत मान डोक्याला बसणारा झटका कमी करते. तळहात कपाळावर, मग डोक्यामागे, मग दोन्ही बाजूंना ठेवून १० सेकंद दाबा, मान हलू द्यायची नाही. प्रत्येक दिशेला तीनदा. पैलवानांसारखा डोक्यावर पूल करण्याचा व्यायाम नवख्यांनी करू नये, त्यात मानेचे मणके भाराखाली मागे वाकतात.

मध्यरक्षकांनी, म्हणजे धक्का आणि ब्लॉक करणाऱ्यांनी, दुसऱ्या संचात ढकलगाडी किंवा जोडीदाराला खांद्याने रेटण्याच्या १० मीटरच्या सहा फेऱ्या वाढवाव्यात. चढाईपटूंनी त्याऐवजी एका पायाच्या स्क्वॉटचे दोन सेट जास्त घ्यावेत.

थांबायला शिकणं

कबड्डीच्या मैदानात थांबणं वेग घेण्यापेक्षा महाग आहे. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानात चढाईपटूला पुढे जायला फक्त साडेसहा मीटर मिळतात. त्यात निदानरेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा पावणेपाच मीटरवर. म्हणजे प्रत्येक चढाईत तो काही पावलांत वेग घेतो, ब्रेक लावतो आणि उलटा फिरतो. बहुतेक गुडघे पळताना दुखावत नाहीत, या ब्रेकच्या क्षणी दुखावतात.

पहिले तीन आठवडे: ३० सेंटिमीटर उंच ओट्यावरून उतरा, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, पायांचा आवाज न करता, आणि दोन सेकंद पुतळ्यासारखे थांबा. ३ सेट, ५ रेप. आवाज मोठा आला म्हणजे गुडघा-कंबर वाकलीच नाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात एका पायावर उतरा, ओटा १५ सेंटिमीटरचा करा. मग आडवी उडी मारून बाहेरच्या पायावर थांबा. सातव्या आठवड्यापासून हवेत असताना जोडीदाराने खांद्याला हलका धक्का द्यायचा, कारण मैदानात रिकाम्या जागेत कुणीच उतरत नाही. नवव्यापासून पाच पावलं पूर्ण वेगाने पळून जोडीदाराच्या इशाऱ्यावर, आधी न ठरवलेल्या बाजूला वळा.

गुडघा आत गेला की तो रेप मोजू नका. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे मुलींच्या संघांनी हा भाग वर्षभर, आठवड्यातून दोनदा, सरावाच्या सुरुवातीला ठेवावा. हंगाम आला म्हणून बंद करू नये. दरवेळी दहा मिनिटं लागतात.

उड्यांची ताकद नवव्या आठवड्यानंतर लागते: जागेवरून लांब उडी ५ सेट, ३ रेप, प्रत्येक उडी पूर्ण जोराने, मध्ये ३० सेकंद थांबून. दमलेल्या पायांनी मारलेल्या पन्नास उड्या वेग देत नाहीत, नडगीचं दुखणं देतात.

दम: तीस सेकंदांचा हिशोब

पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई तीस सेकंदांची. चढाईपटूला सतत चाळीस मिनिटं पळायचं नसतं. तीस सेकंद जीव तोडून, मग थोडा श्वास, मग पुन्हा. तयारीही तशीच हवी.

मैदानावर मध्यरेषेपासून सुरू करा. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' म्हणत निदानरेषा ओलांडा, आडवं सरकत एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जा, बोनस रेषेपलीकडे पाय टाका, वळून मध्यरेषेपर्यंत पूर्ण वेगाने या. हे सगळं २० ते २५ सेकंद. ४५ सेकंद चालत विश्रांती. अशा ६ चढायांचा एक गट, गटांमध्ये ३ मिनिटं. पहिल्या महिन्यात २ गट, पुढे ३, शेवटच्या महिन्यात विश्रांती ३० सेकंदांवर आणा. जपाशिवाय हा सराव अर्धाच होतो, कारण एका श्वासावर बोलत पळताना छातीत जी आग होते ती शिट्टीच्या धावांत होत नाही.

शेवटच्या परतीच्या धावेची वेळ घ्या. पहिल्या चढाईत ती १.५ सेकंद असेल आणि सहाव्यात १.८ झाली तर तिथेच थांबा. त्यापुढच्या चढाया थकून पळण्याचा सराव देतात. पकडीत खेळणाऱ्यांनी याच वेळात दहा सेकंद खाली बसून सरकणं, एक झेप, पाच सेकंद जोडीदाराला धरून ठेवणं आणि २० सेकंद विश्रांती असा क्रम घ्यावा.

पहाटेचं लांब पळणं पूर्ण सोडायची गरज नाही. आठवड्यातून एकदा २५ मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगाने पुरे. डांबरी रस्त्यापेक्षा मैदान किंवा मातीची वाट निवडा. रोज आठ-दहा किलोमीटर पळणाऱ्याचा स्क्वॉट सहसा सहाव्या आठवड्यात अडतो, आणि तो दोष व्यायामशाळेला देतो.

ताट आणि वजनकाटा

ताकद वाढवणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७२ किलोच्या खेळाडूला म्हणजे साधारण ११५ ते १४५. हे डब्यातल्या पावडरीशिवाय जमतं: चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम कच्ची डाळ किंवा मटकी २२, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २५, मूठभर भाजलेले चणे १०, दिवसाच्या पोळ्या-भाकऱ्यांतून २० च्या आसपास. शाकाहारी खेळाडूने अंड्यांच्या जागी शंभर ग्रॅम पनीर आणि वाटीभर दही धरावं. सराव संपल्यावर तासाभरात जेवण हवं. रात्री साडेनऊला घरी पोहोचून फक्त चहा-बिस्किटावर झोपणारा मुलगा दुसऱ्या दिवशी गळालेल्या अंगाने व्यायामशाळेत येतो. मुलींनी हंगामाआधी हिमोग्लोबिन तपासावं. ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही.

व्यायामशाळेत कुणी 'साइज'साठी गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. त्यात बहुधा बंदी असलेली स्टेरॉइड असतात. हृदय आणि यकृत बिघडतं, आणि नाडाच्या (देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत सापडलात तर चार वर्षांपर्यंत खेळ बंद. सुट्ट्या विकलेल्या पावडरींत काय मिसळलंय हे डब्यावरून कळत नाही.

वरिष्ठ गटात पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही वजनमर्यादा असते. ज्यांचं वजन काठावर आहे त्यांची खरी परीक्षा वजनकाट्यावर होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्लॅस्टिक घालून पळणं, पाणी बंद करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं हे प्रकार बंद व्हायला हवेत. पाण्याने शरीराचं दोन-तीन टक्के वजन गेलं तरी दम आणि निर्णयशक्ती घसरते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात उष्माघात होऊन जीव जाऊ शकतो. दोन किलो उतरवायचे असतील तर सहा आठवडे आधी सुरू करा: आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम, भात, साखर आणि तळण कमी करून, प्रथिनं तशीच ठेवून.

झोप आठ तास. रात्रपाळी करणाऱ्यांनी जड वजनांचा दिवस सुट्टीला जोडून घ्यावा.

दुखणं ओळखा

व्यायामानंतर एक-दोन दिवस दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे दुखतात, हालचाल केल्यावर मोकळे होतात. ते चालेल. एकाच बाजूला, सांध्याच्या आत किंवा हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, सकाळी सांधा सुजलेला असेल किंवा दुखणं दहापैकी तीनच्या वर जात असेल तर तो व्यायाम थांबवा, बाकीचे चालू ठेवा.

वळताना गुडघ्यात 'कट्' आवाज झाला, पायाखालून गुडघा निसटल्यासारखा वाटला आणि दोन-तीन तासांत सूज आली, तर तो एसीएल असण्याची शक्यता मोठी. अशा गुडघ्याला तेलाने चोळून घेणं, ओढून 'बसवणं', गरम शेक देणं यातलं काही करू नका. बर्फ, पट्टी, पाय उंच, आणि त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ. सूज उतरली म्हणून पुढच्या स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूच्या गुडघ्यातली गादीही फाटू शकते आणि दुरुस्तीचं काम आणखी लांबतं. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळणं धोक्याचं. त्या आधी दुखावलेल्या पायाची एका पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के झाली पाहिजे. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेले दोन पायांचे आकडे इथे कामाला येतात.

हंगाम सुरू झाल्यावर

दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतात आणि बहुतेक जण वजनं पूर्ण बंद करतात. पाच-सहा आठवड्यांत ताकद उतरू लागते, म्हणजे डिसेंबरात, ऐन निवड चाचण्यांच्या तोंडावर. आठवड्यातून एक किंवा दोन वेळा ३५ मिनिटं दिली तर कमावलेली ताकद टिकते: स्क्वॉट २ सेट, ३ रेप, अकराव्या आठवड्याच्या वजनाच्या ९० टक्क्यांवर; पुल-अप ३ सेट; नॉर्डिक १ सेट, ५ रेप; कोपनहेगन दोन्ही बाजूंना एकदा. जड वजन आणि सामना यांत ४८ तास ठेवा. शनिवार-रविवार सामने असतील तर मंगळवार हा दिवस योग्य, आणि तीन-चार दिवस रोज चालणाऱ्या स्पर्धेत वजनांना हातच लावू नका. त्या दिवसांत फक्त गरम होण्याचा क्रम, मान आणि उतरण्याचे दहा रेप, बाकी वेळ खाणं आणि झोपणं. स्पर्धा संपल्यावर दोन दिवस आराम, तिसऱ्या दिवशी दहा टक्के कमी वजनाने पुन्हा वही उघडा.